फुलीबाईच्या दारावर

मी रडण्यात पटाईत होते, हे आधीच सांगून टाकते. यात फुशारकी नाही. कुणाला पोळ्या चांगल्या जमतात, कुणाला भांडण. मला रडणं जमायचं.

आमच्या नंदुरबारजवळच्या कोरीटकडे कुणी गेलं की नात्यागोत्यातल्या बायका दारावर जातात. टेम्पोत दाटीवाटीनं बसायचं, त्या गावात गल्लीच्या तोंडाशी उतरायचं, पदर तोंडावर ओढायचा आणि तिथूनच हेल काढायला सुरुवात करायची. घरातली बाई उंबऱ्यापाशी येते, गळ्यात पडते, मग ओसरीवर सगळ्या बसतात आणि गेलेल्या माणसाला नावानं हाका मारून, त्याचं काय काय करायचं राहून गेलं ते सांगत रडतात. शहरातल्या लोकांना हे नाटक वाटतं. वाटू दे. एकदा येऊन बसावं म्हणजे कळेल.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका. वर्गात पुस्तकातली मराठी, घरात अहिराणी, आणि दारावर तर अहिराणीशिवाय बातच नाही. टेम्पो ठरला की बायका आधी विचारायच्या, "मास्तरीन येई ऱ्हायनी ना?" मी पहिला हेल काढला की मागच्यांचं आपोआप सुटायचं. ज्यांना आतून फार दाटून आलेलं असतं पण बाहेर निघत नाही, अशा बायका तर मुद्दाम माझ्या शेजारी बसायच्या.

पण रडणं सुरू करून देणं सोपं हो. थांबवणं अवघड, आणि ते काम फुलीबाईचं. फुलीबाई माझी समोरची शेजारीण. तिचं दार आणि माझं दार यांच्यामध्ये फक्त गल्ली. दारावर गेलो की ती फारशी रडायची नाही. पदर कमरेला खोचून कोपऱ्यात बसायची आणि सगळ्यांवर नजर ठेवायची. एखादीचा श्वास अडकायला लागला, घरातली लेक हाताबाहेर जायला लागली, की फुलीबाई उठायची, पाण्याचा तांब्या उचलायची आणि त्या बाईच्या खांद्याला धरायची. "रडनी ना? बस. आते ऊठ. तोंडवर पानी मार." एवढंच बोलायची, पण आवाज असा की समोरची उठायचीच. मी रडवायची, ती उठवायची. आसपासच्या गावांत आमची जोडी ठरलेली होती.

असं सगळं बरं चाललेलं असताना मी आजारी पडले.

आता कारण विचाराल तर कारण नाही, आणि हाच तर वैताग होता. निवृत्त झाले होते, पेन्शन येत होतं. मुलगा सुरतला नोकरीत रुळला होता. आमचे हे, भिला आप्पा, पपई आणि केळीत गढलेले. कुणी गेलं नव्हतं, कुणाशी बिनसलं नव्हतं. तरी एका उन्हाळ्यात माझं रडणं माझ्या हातातून सुटलं. गवार मोडताना रडू. पंखा बघत पडले की रडू. कुणाच्या नावानं रडतेय तेच कळेना. मग हळूहळू रडूही थांबलं आणि नुसती पडून राहायला लागले. केस विंचरायला हात वर जाईना. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकर, जी मला जीव की प्राण, ती घशाखाली उतरेना. गल्लीत टेम्पोचा हॉर्न वाजला की मी खिडकी लावून घ्यायची.

भिला आप्पा भला माणूस. पण आजार म्हणजे ताप, यापलीकडचं वैद्यक त्यांना ठाऊक नाही. रोज सकाळी माझ्या कपाळाला हात लावायचे, "ताप तं नही," म्हणायचे आणि शेताकडे निघायचे. आपण नसलो तर यांचं काय अडणार आहे, असा विचार माझ्या मनात येऊन बसायचा. भीती म्हणजे तो विचार मला वाईटही वाटायचा नाही.

फुलीबाईनं आधी तिची नेहमीची पद्धत वापरून पाहिली. तांब्या घेऊन आली, खांद्याला धरलं, म्हणाली, "ऊठ." मी उठले नाही. तिच्या शब्दावर न उठलेली मी पहिलीच असेन. ती खाटेच्या कडेला बसली, बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हाई रडनं नही वं. हाई दुखनं शे. डाक्टरकडे चाल."

नंदुरबारला डॉक्टर कामिनी वळवी बसतात, मनाच्या डॉक्टर. मूळच्या मोलगीकडच्या, वयानं माझ्या मुलाएवढ्या. त्यांच्या दवाखान्यासमोर रिक्षा थांबली आणि पाटीवरचा शब्द वाचून मी उतरायलाच तयार होईना. आपल्या शाळेतली शेकडो पोरं या शहरात नोकरीला, कुणी पाहिलं म्हणजे? फुलीबाई उतरून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कोनी देखं तं सांग, फुलीबाई येडी व्हई गई, तिले लई उनू." म्हणजे वेडी ती, आणि तिला घेऊन आलेली मी! रिक्षावाला फिदीफिदी हसला. मी उतरले.

डॉक्टरबाईंनी खूप विचारलं. झोप कशी, भूक कशी, बीपीची कोणती गोळी चालू आहे, माहेरी कुणाला असं झालं होतं का, कधी याच्या उलट म्हणजे अंगात फार उत्साह संचारला, झोपेची गरजच वाटली नाही असं झालं होतं का. मग शांतपणे विचारलं, "जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?" मी नाही म्हणणार होते. फुलीबाईनं माझ्या मांडीवर हात ठेवला, आणि माझ्या तोंडातून हो निघून गेलं.

मग त्या गोळीबद्दल बोलल्या. "ही गोळी तुम्हाला मानवेल की नाही, हे आज छातीठोक सांगता येत नाही, बाई. बऱ्याच जणांना मानवते. पण ते घेऊनच कळतं. सुरुवातीला मळमळेल, पोट बिघडेल. फरक जाणवायला काही आठवडे जातील. मधेच ते विचार वाढले तर त्याच दिवशी यायचं. आणि मनानं बंद करायची नाही."

मला रागच आला. जन्मभर मी पोरांना सांगत आले की 'बहुतेक' म्हणजे उत्तर नव्हे, नक्की काय ते लिही. आणि ही एवढी शिकलेली मुलगी मला बहुतेक सांगत होती! "मग घ्यायची कशाला? सवय लागली म्हणजे?" मी विचारलं.

"दारूसारखी तलफ नाही लागत. पण शरीराला तिची ओळख होते, म्हणून सोडतानाही हळूहळू सोडायची. आणि नाही घ्यायची म्हणालात तर नुसतं बोलण्याचेही उपचार आहेत, ते आपण तसेही करणार आहोत. पण तुमचं दुखणं आता इतकं खोल गेलंय की मला दोन्ही बरोबर हवंय. तुम्ही ठरवा."

मी कसली ठरवतेय. फुलीबाईनं चिठ्ठी उचलली होती.

गोळ्याही तिनंच ठेवल्या. घरात माझ्या हाताशी फार गोळ्या नकोत, असं डॉक्टरबाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तिच्या स्वयंपाकघरात मेथीदाण्याच्या डब्याशेजारी एका डब्यात त्या असायच्या. रोज सकाळी एका हातात चहा आणि दुसऱ्या मुठीत गोळी घेऊन ती गल्ली ओलांडायची. "खाय वं मास्तरीन." मी गिळेपर्यंत उभी राहायची, आणि वर, "जीभ दखाड." साठी उलटलेल्या बाईला जीभ दाखवायला लावते! पण मी दाखवायची. अंगात भांडायचंही बळ नव्हतं.

सुरुवातीला खरंच नुसती मळमळ. काही उपयोग नाही, असंच वाटत होतं. मग एका सकाळी गल्लीत कुणीतरी मिरच्या भाजायला घेतल्या. असा ठसका बसला की मी खाटेवरून ताडकन उठले, दारात गेले आणि ओरडले, "कोण ते दारं सताड उघडी टाकून मिरच्या भाजतंय? जिवंत माणसं राहतात म्हटलं इथे!" समोरच्या ओट्यावर फुलीबाई गहू निवडत होती. तिच्या हातातलं सूप तिथेच राहिलं. "चिडनी वं माय, चिडनी!" ती टाळ्या पिटत ओरडली. "मास्तरीन परत उनी!"

आणि मी खरंच परत आले. वेणी घालायला लागले, पेपर वाचायला लागले, भिला आप्पांच्या पपईच्या भावावर न विचारता मतं द्यायला लागले. भाकर गोड लागायला लागली. कुणी मला त्या दिवसांत विचारलं असतं की ही गोळी तुला मानवली का, तर मी दोन्ही हात वर करून हो म्हटलं असतं.

फक्त एक गोष्ट होती. दिवाळीनंतर आम्ही एका दारावर गेलो. मी पदर ओढला, हेल काढला, आवाज खणखणीत निघाला. पण डोळे कोरडे. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण पदराआड कोण बघतंय. मला मात्र चोरी केल्यासारखं वाटलं. परतताना टेम्पोत मी फुलीबाईच्या कानात सांगितलं, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे वं. रडाले दुसऱ्या शेतस." पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी विचारलं, "काही त्रास?" मी म्हटलं, "छे, सगळं उत्तम." डोळ्यांत पाणी येत नाही, ही काय डॉक्टरला सांगायची तक्रार झाली? लोक तर डोळ्यांतलं पाणी थांबवायला त्यांच्याकडे जातात.

मग थंडीत फुलीबाई गेली. सकाळी अंगणात सडा टाकता टाकता मटकन खाली बसली, आणि बसली ती बसलीच. हृदय बंद पडलं. धुडकू आप्पा, म्हणजे तिचे यजमान, घरातून बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं. माझा चहा तिच्या शेगडीवर उकळत होता.

त्या दिवशी मी सगळं व्यवस्थित केलं. तिला आवडणारी हिरवी साडी शोधून काढली, तिच्या लेकीला, रूपालीला, शहाद्याला फोन लावला, धुडकू आप्पांना बळेच पाणी पाजलं. रूपाली आली, गाडीतून उतरून धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. "मावशी वं! मन्ही माय!" मी तिला घट्ट धरलं आणि वाट बघू लागले. आता येईल, आता भरून येईल. काही आलं नाही. माझी फुलीबाई गेली, हे मला बे दुणे चारसारखं माहीत होतं. पण नुसतं माहीत होतं.

मागे बसलेली नानीबाई कुणालातरी म्हणाली, "मास्तरीनना डोयामा टिपूस बी नही. शिकेल बायास्नं आसंच ऱ्हास." तिनं हळू म्हटलं, पण हळू म्हणजे नानीबाईचं हळू, ते चार घरं ऐकू जातं. मला तिचा राग आला नाही. कारण तीच गोष्ट मीही स्वतःला म्हणत होते. पंचक्रोशीतल्या ऐऱ्यागैऱ्यांसाठी मी रडले, आणि जिनं मला खाटेवरून उचलून जगात परत आणलं तिच्यासाठी माझ्याकडे एक थेंब नाही!

संध्याकाळी रूपालीनं तो डबा माझ्या हातात आणून दिला. "मावशी, ह्या तुन्ह्या गोया. मायना डबामा व्हत्यात." मी डबा घरी आणला, कपाटात सगळ्यात वर, गोधड्यांच्या मागे ढकलला, आणि ठरवून टाकलं की ही गोळी मला चालत नाही. गंधमुक्तीला, म्हणजे सुतक फिटायच्या कार्याला, सगळा गोतावळा येणार होता. त्या दिवशी फुलीबाईच्या दारावर मला रडता आलं पाहिजे, मग बाकी काहीही होवो. कुणाला विचारलं नाही. विचारायची ती तर गेली होती.

एकदोन दिवस काही नाही. मग मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका बसायला लागला. चक्कर, मळमळ, झोपेत भलतीसलती स्वप्नं. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून मी भिला आप्पांवर डाफरले, आणि भाजी मीच केली होती. त्यांनी कपाळाला हात लावला. "ताप तं नही."

आणि रडू परत आलं. दूध उतू गेलं, मी रडले. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली, मी रडले. वेड्यासारखा आनंद झाला मला. डोळे पुसत होते आणि मनात म्हणत होते, थांब फुलीबाई, येते मी तुझ्या दारावर.

गंधमुक्तीच्या दिवशी गल्लीच्या तोंडापासूनच मी हेल काढला. समोरच तर दार, तरी मी वळसा घालून गल्लीच्या तोंडाशी गेले आणि रीतसर चालत आले. बायकांमध्ये कुजबुज झाली की हां, ही आपली मास्तरीन. रूपाली गळ्यात पडली, आणि मी रडले. कशी रडले! फुलीबाईचं नाव घेतलं, तिचा तांब्या, तिची जीभ दखाड, मिरच्यांची ती सकाळ, सगळं सांगत रडले. माझ्या मागे सगळी ओसरी रडली.

पण मग काहीतरी चुकत गेलं. मला जाणवलं की मी आता फुलीबाईचं नाव घेत नाहीये. काहीच सांगत नाहीये. हेलही थांबला होता, नुसतं पाणी वाहत होतं आणि मी छताच्या पंख्याकडे बघत होते. हे रडणं मला ओळखीचं होतं. हे त्या उन्हाळ्यातलं होतं, बिनानावाचं. फुलीबाईशी त्याचा काही संबंध नव्हता.

बायकांनी तोंडं धुतली. एकेक उठून मागच्या अंगणात जेवायला गेली. मी कोपऱ्याकडे पाहिलं. पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला होता. तो उचलायला तिथे कुणी नव्हतं. शेवटी रूपाली आली. आई जाऊन पंधरवडाही झालेला नाही अशी पोर, ती मला उठवायला लागली. "मावशी, ऊठ ना वं. मावशी..." मला उठायचं होतं, देवाशप्पथ उठायचं होतं. पाय माझे नव्हतेच जणू.

मग भिला आप्पा बायकांच्या ओसरीवर आले. पुरुषमाणूस तिथे येत नाही, पण ते सरळ आले. मला दोन्ही दंडांना धरून उभं केलं आणि गल्ली ओलांडून घरी आणलं. खाटेवर बसवलं. या वेळी त्यांनी कपाळाला हात लावला नाही. समोर उकिडवे बसले आणि विचारलं, "गोयी खाई ऱ्हायनी ना तू?"

मी मान हलवली. नाही.

"चाल," ते म्हणाले. "मी गाडी काढस."

डॉक्टरबाईंच्या समोर बसले आणि माझा तोल सुटला. "तुमच्या गोळीनं माझं रडू खाल्लं!" मी ओरडले. "माझी जिवाभावाची मैत्रीण गेली आणि मी दगडासारखी उभी! लोकांनी तोंडावर बोलून दाखवलं. म्हणून टाकून दिली तुमची गोळी. आणि आता हे!"

त्यांनी मला बोलू दिलं. फुलीबाईचं ऐकून त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं, त्यांना ती आठवत होती. मग म्हणाल्या, "रडू येत नाही, हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"ही काय सांगायची गोष्ट आहे?"

"हीच सांगायची गोष्ट आहे, बाई. काही जणांचं या गोळीवर असं होतं. दुःख बोथट होतं तसं बाकीचंही बोथट होतं. मला ते बाहेरून दिसत नाही. तुम्ही येता, नीट बोलता, वजन वाढलेलं असतं, मी म्हणते छान चाललंय. आत काय चाललंय ते तुम्हीच सांगणार ना?"

शाळेत मी हेच तर पोरांना सांगायची, की कळलं नाही तर हात वर करा, तुमच्या डोक्यात शिरून मला बघता येत नाही.

त्यांनी समजावून सांगितलं. अचानक सोडल्यानं अंगानं बंड केलं होतं, डोक्यातले झटके त्याचेच. आणि त्यात जुनं दुखणंही डोकं वर काढत असेल, दोन्हीची सरमिसळ असेल. करण्यासारखं बरंच होतं. मात्रा कमी करून बघता येते. गोळी बदलता येते. पुढे कधी बंद करायची वेळ आली तर तेही होतं, पण पायरी पायरीनं, आणि अशा दिवसांत तर नाहीच.

"आता मला सांगा," त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय हवंय?"

असं मला कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मी पदरानं नाक पुसलं आणि म्हटलं, "मला रडायचंय. आणि रडून झालं की उठायचंय. दोन्ही पाहिजे."

त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. "मग आपण तेच बघू," म्हणाल्या. "आधी परत सुरू करून तुम्हाला सावरू. मग थोडी थोडी उतरवत जाऊ. दोन्ही जमलं तर ही गोळी तुमची. नाही जमलं तर दुसरी शोधू. पण प्रत्येक वेळी खरं सांगायचं."

भिला आप्पा इतका वेळ टोपी हातात घेऊन बसले होते. ते म्हणाले, "मॅडम, हाई गोयी कितला दिन खानी पडी?"

"ते बाई आणि मी मिळून ठरवू, आप्पा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही रोज सकाळी तेवढी आठवण करा."

झालं! दुसऱ्या दिवसापासून भिला आप्पा चहा करायला लागले. चहा कसला, गरम पाण्याला चहाची बातमी कळलेली. पण मुठीत गोळी घेऊन उभे राहायचे, मी गिळेपर्यंत हलायचे नाहीत. जीभ दाखव म्हणायची मात्र त्यांची टाप नव्हती.

रस्त्याकडेच्या मिरची वाळत घालायच्या पथारी उठल्या, ऊन चढायला लागलं. दर वेळी मी डॉक्टरबाईंना खरं सांगत होते. झटके थांबले. झोप लागते. रडू नाही. मात्रा जरा उतरवली. अजून रडू नाही, पण सुरतच्या नातवाचा व्हिडिओ पाहून पोटात काहीतरी हललं. पुन्हा जरा उतरवली. एक आठवडा उदास गेला, तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "इथेच थांबू आणि बघू."

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. गेलेल्या माणसाच्या नावानं पहिल्या आखाजीला घागर भरतात, तशी धुडकू आप्पांच्या घरी फुलीबाईच्या नावानं भरायची होती. रूपाली माहेरी आली होती. मला म्हणाली, "मावशी, तू ये. माले एकलीले जमाव नही."

तिनं सांजोऱ्या तळल्या होत्या. आता फुलीबाईच्या सांजोऱ्यांबद्दल खरं सांगायचं तर त्या दगड असायच्या. मनाची एवढी मऊ बाई, पण सांजोरी तिच्या हातून कधी मऊ झाली नाही. गल्लीतल्या कुणी तिला तसं कधी सांगितलं नाही, सगळ्यांनी आपापले दात सांभाळले. घागरीची पूजा झाली. धुडकू आप्पांनी तिच्या नावानं विस्तवावर घास टाकला. मग रूपालीनं माझ्या हातात सांजोरी दिली, आणि मी चावले.

कटकन आवाज झाला. तश्शीच! आईचा हात लेकीनं जसाच्या तसा उचलला होता. "माय वं," माझ्या तोंडून निघालं, "फुले, कितली कडक!" मी हसायला लागले. रूपालीही हसायला लागली. आणि हसता हसता माझ्या गालावर काहीतरी ओघळलं. मी बोटानं पुसून बघितलं. पाणी होतं.

मी रडले. फुलीबाईच्याच नावानं रडले. हेल नाही काढला, पदर नाही ओढला. तुझी सांजोरी कडक होती हे मी तुला कधीच सांगितलं नाही गं, असं म्हणत हातातला अर्धा तुकडा धरून रडले. खूप वेळ नाही. सर येऊन जावी तसं ते येऊन गेलं, आणि छातीत मोकळं वाटलं.

पण रूपालीचा बांध आता फुटला होता. भिंतीला डोकं टेकून ती हुंदके देत होती, श्वास आत अडकत होता, हात गार पडत चालले होते. धुडकू आप्पा भांबावून दारात उभे होते. मी सवयीनं कोपऱ्याकडे पाहिलं. कोपऱ्यात कुणी नव्हतं.

मी माठाकडे गेले. तांब्या भरला. परत आले, पोरीच्या खांद्याला धरलं आणि म्हटलं, "रडनी ना? बस. आते ऊठ. तोंडवर पानी मार."

तिनं दचकून वर पाहिलं. माझ्याकडे नाही, त्या आवाजाकडे. मग माझ्या हाताला धरून ती उठली. मी तिच्या ओंजळीत पाणी ओतत होते तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की मलाही कुणी उठवलं नव्हतं. मी माझी उठले होते.